आधी कान, मग डोळे

मागच्या प्रकरणात आपण तळ्याच्या काठावर बसलो होतो. तिथे पक्षी पाहायला फार खटपट पडली नाही. बगळे उघड्यावर उभे होते, वारकरी पाण्यावर होते, दुर्बीण लावली की काम झालं. रानात शिरलं की हा हिशेब उलटा होतो. पक्षी पुष्कळ असतात, पण तुमच्या आणि त्यांच्या मध्ये पानं असतात. आणि तुम्ही चालत असता, म्हणजे तुम्ही त्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू गेलेले असता.

राज्यातल्या एका अभयारण्याच्या दाराशी मी एक भली मोठी पाटी पाहिली होती. साठ-सत्तर पक्ष्यांचे फोटो, प्रत्येकाखाली मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय नाव. एक कुटुंब तिच्यासमोर चांगली दहा मिनिटं उभं होतं आणि आजोबा नातीला एकेक नाव वाचून दाखवत होते. दोन तासांनी तीच मंडळी परत आली, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, सगळे पक्षी पाटीवरच होते." मी त्याच वाटेवर त्यांच्या मागे होतो आणि वहीत तोवर अठरा जाती लिहिल्या होत्या. त्यातल्या बारा फक्त ऐकलेल्या. मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. पाटीने तिला सत्तर नावं दिली, पण कुठे थांबायचं, काय ऐकायचं, कोणत्या झाडाखाली मान वर करायची, हे काहीच सांगितलं नाही.

या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने फार सुरेख उत्तर शोधलं होतं. त्याचं नाव फ्रँक लुट्झ. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये तो कीटकांचा अभ्यासक होता. १९२५ साली शहराबाहेर टक्सीडोजवळच्या जंगलात त्याने एक पायवाट आखली आणि तिच्या कडेने झाडांना, झुडपांना, दगडांना लहान लहान चिठ्ठ्या लावल्या. आजच्या निसर्गवाटांची सुरुवात साधारण इथून धरतात. त्याची खरी करामत मात्र पुढची होती. त्याने दोन वाटा केल्या. पहिली शिकायची, तिच्यावर माहिती. दुसरी परीक्षेची, तिच्यावर नुसते प्रश्न. पहिल्या वाटेवर जे पाहिलं ते दुसरीवर ओळखता येतं का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं. आज आपण बटण दाबलं की आवाज येणाऱ्या पाट्यांना 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो. लुट्झकडे वीज नव्हती, बटण नव्हतं, होती ती दोरीने बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावरचं एक प्रश्नचिन्ह. माझ्या मते संवाद त्या प्रश्नचिन्हात होता. यंत्रं नंतर आली, आणि अनेकदा प्रश्न न घेताच आली.

आता आपल्याकडे येऊ. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर अंगठ्यासारखा एक सुळका दिसू लागतो. तो कर्नाळा किल्ला. या किल्ल्याभोवतीचं रान १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. तेव्हा ते लहानसं होतं, २००३ मध्ये वाढवलं तेव्हा सुमारे १२ चौरस किलोमीटरचं झालं. मुंबई-ठाण्याच्या माणसाला सकाळी निघून दुपारी घरी परतता येईल असं हे रान. पक्ष्यांच्या जाती दीडशेहून जास्त. दोन निसर्गवाटा मुख्य: सोपी, छोटी हरियाल आणि लांबची मोरटाका. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचाही या अभयारण्याच्या घडणीत हात होता. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो. शाळांच्या सहली त्या दिवसांत फार येतात.

अशाच एका सहलीबरोबर मी एकदा कर्नाळ्याच्या वाटेवर होतो. सातवीची चाळीस मुलं. खाऊच्या पिशव्यांची कुरकुर, हाका, हसणं. पक्षी कसले दिसतायत! पहिल्या वळणावर सोबतच्या वाटाड्या दादांनी सगळ्यांना खाली बसवलं. "दोन्ही मुठी वर करा," ते म्हणाले. "डोळे मिटा. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. माणसाचा आवाज धरायचा नाही. कोणाची दहा बोटं उघडतात बघू." बस्स, एवढंच. पहिलं अर्धं मिनिट खुसखुस झाली. मग ती आपोआप थांबली, कारण बोलणाऱ्याचं बोट उघडत नव्हतं. तीन मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा एका मुलाची सात बोटं उघडी होती आणि तो शेजारणीला ठासून सांगत होता, "तुझी नऊ नाहीत, तो टुकटुकवाला एकच होता, तू दोनदा धरलास."

तो टुकटुकवाला म्हणजे तांबट. मुलाचं बरोबर होतं आणि मुलीचंही अगदीच चूक नव्हतं. तांबट ओरडताना चोच मिटलेली ठेवतो, गळा फुगवतो आणि मान इकडून तिकडे वळवत राहतो. त्यामुळे तोच आवाज एकदा डावीकडून आल्यासारखा वाटतो, एकदा उजवीकडून. दादांनी उत्तर दिलं नाही. "एक की दोन? शोधा," म्हणाले. चाळीस मुलं मान वर करून एका पिंपळाच्या वाळक्या शेंड्याकडे बघत राहिली. अखेर कोणाला तरी लाल कपाळाचा, हिरव्या पाठीचा, चिमणीपेक्षा थोडा मोठा तो पक्षी दिसला. तो दिसला तेव्हा जी आरोळी उठली ती अर्थातच तांबटाला पसंत पडली नाही. पण त्या मुलांनी तो स्वतः शोधला होता, आणि त्या दिवसभर तांबट ओरडला की त्यांची मान बरोबर वर जात होती.

रानात कान आधी का लागतात, याला पानांच्या पडद्यापलीकडेही एक कारण आहे. दाट झाडीत आवाज खोडांवर आपटून परततो, एकमेकांत मिसळतो. भराभर, तुटक सूर लावला तर त्याचा चिखल होतो. म्हणून रानातल्या अनेक पक्ष्यांचे सूर लांब, गोल, शीळ घातल्यासारखे असतात. पावसाळी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो तेव्हा एखादा मुलगा बेफिकीरपणे शीळ घालत चाललाय असं वाटतं. माळरानावरचा चंडोल याच्या अगदी उलट, उघड्यावर भरभर वळसे घेत गाणारा. पहाटेची वेळही यातलीच. तेव्हा वारा पडलेला असतो, आवाज दूरवर जातो, आणि उजेड इतका कमी की किडे शोधण्यात अर्थ नसतो. मग गाऊन घ्यावं.

कर्नाळ्याला या गाण्यात एक भागीदार आहे, तो म्हणजे महामार्ग. तो अभयारण्यातूनच जातो. वाटेवर बरंच आत गेलं तरी ट्रकची घरघर आणि हॉर्न येत राहतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास झाला होता, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या जागी राहणारे नर आपले खालचे सूर वर उचलून गात होते, कारण खालची पट्टी रहदारीने व्यापलेली. मला फार वाटतं की कर्नाळ्याच्या वाटेवर एका ठिकाणी नुसता एक दगडी कट्टा असावा आणि पाटीवर एवढंच विचारलेलं असावं: दोन हॉर्नच्या मध्ये किती अंक मोजता आले? आणि त्या वेळात कोण बोललं? रस्ता पक्ष्यांचं काय करतो हे सांगायला त्याहून वेगळं काही लिहावं लागणार नाही.

नावांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण ही आपली श्रीमंती आहे आणि पाट्या लिहिताना ती हमखास बाजूला पडते. 'कॉपरस्मिथ बार्बेट' हे इंग्रजी नाव खाली लिहून आपण मोकळे होतो. पण तांबट म्हटलं की पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाच्या कानात मठारकामाची ठोकठोक सुरू होते; तांब्याच्या भांड्यावर एका लयीत पडणारा हातोडा. ते नाव म्हणजेच आवाजाची खूण आहे. आणि तांबट एकटा नाही. रानात सुतार आहे, शिंपी आहे, ओढ्यावर शेपटी आपटणारा धोबी आहे, रानाच्या कडेला काटेरी झुडपावर किडे टोचून ठेवणारा खाटीक आहे, आपल्याहून मोठ्या घारी-गरुडांना हाकलणारा कोतवाल आहे. सगळं गाव पंख लावून झाडावर बसलेलं! ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी पक्ष्याचा रंग पाहिला नाही, त्याचं काम पाहिलं. चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचताना लोकांच्या तोंडची अशी नावं मायेने गोळा केली.

मराठी निसर्गवाट याच अंगाने बांधता येईल. पाटी म्हणेल: इथे कोणाचं काम चाललंय? टकटक ऐकू येते का? ती सलग घुमते की थांबत थांबत येते? सलग घुमली तर सुतार आपली हद्द जाहीर करतोय, पोकळ लाकडाचा ढोल करून. थांबत थांबत आली तर तो सालीखाली किडे शोधतोय. एका आवाजाचे हे दोन अर्थ एकदा कळले की माणूस पुन्हा कधी सुताराजवळून तसाच पुढे जात नाही. शिंप्याच्या झुडपापाशी विचारता येईल: जोडलेली पानं दिसतात का? टाके कशाचे? तो कोळ्याच्या जाळ्याचा धागा आणि झाडाचे कापसासारखे तंतू वापरतो, चोचीने पानाला भोकं पाडून. आणि मे महिन्यात पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणू लागला की पाटीने एवढंच विचारावं: हा शेतकऱ्याला कामाला लावतो, पण स्वतःची पिल्लं कोणाकडून वाढवून घेतो? उत्तर त्याच झाडाखाली पाचोळा उलथत, कलकल करत चाललेलं असतं: सातभाई. तमिळ लोकांनी तर नवरंगाच्या नावात वेळच बसवली आहे. तो सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात बोलतो, म्हणून त्यांच्याकडे तो 'सहा वाजताचा पक्षी'.

पाटी कुठे लावायची, ही आखणाऱ्यांपुढची खरी अडचण. पक्षी काही नेमून दिलेल्या फांदीवर बसत नाही. मग ज्या गोष्टी जागा सोडत नाहीत त्यांच्याशी पाटी बांधावी: ढोली, उंबर, ओढ्याचं वळण, विष्ठेने पांढरा झालेला कातळकडा. कोकणातल्या रानात चालताना झाडाच्या फांदीवर फुटबॉलएवढा काळपट, खरबरीत गोळा दिसतो. शेणाचा वाटावा असा. ते मुंग्यांचं घरटं. झाडाचा लगदा चावून चावून बनवलेलं, आणि जरा हलवलं तर पोट वर करून चवताळून बाहेर येणाऱ्या हजारो मुंग्या आत. आता जरा नीट पाहा. गोळ्याच्या एका बाजूला रुपयाच्या नाण्याहून मोठं, गोल, कडा साफ असलेलं भोक आहे का? असेल तर ते तांबूस सुताराचं दार. हा सुतार जिवंत मुंग्यांनी भरलेल्या घरट्यात खोली कोरून तिथेच अंडी घालतो. एरवी याच मुंग्या तो खातो. तरी त्याची पिल्लं तिथे वाढतात. मी पहिल्यांदा ते भोक पाहिलं तेव्हा पक्षी नव्हताच. पण त्या भोकासमोर मी जितका वेळ उभा राहिलो तितका एखाद्या मोरासमोरही राहिलो नसेन.

उंबराचंही असंच. तो कधी फळेल सांगता येत नाही. एक झाड फळतं, शेजारचं कोरडं. पण फळला की हरियाल, तांबट, हळद्या, बुलबुल, सगळे तिथे. खाली पडलेली फळं हातात घेऊन पाहा: कुठे चोचीचा एकच घाव, कुठे वटवाघळाने चघळून टाकलेला चोथा. वर कोण जेवून गेलं ते खाली वाचता येतं.

आणि पाटीशिवायची पाटी म्हणजे बसकण. याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, १९३० साली सालिम अलींनी सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर दडण करून पावसाळ्याचे दिवसच्या दिवस काढले. सुगरणीची घरटी लाखो लोकांनी पाहिली होती. पण नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तोच नर दुसरं घरटं सुरू करून दुसरी मादी मिळवतो, हा सगळा व्यवहार एका जागी बसून राहिल्यावरच उलगडला. आपल्याला तेवढं जमणार नाही. वीस मिनिटं जमतील. कोरड्या ओढ्याच्या काठी मी एकदा तशी वीस मिनिटं बसलो होतो. पाचोळ्यात सळसळ झाली. सापसुरळी असेल तर सळसळ सलग सरकते. ही थांबत होती. दोन उड्या, शांतता. दोन उड्या, शांतता. मग करवंदीच्या जाळीखालून एक कस्तूर बाहेर आला, नारिंगी डोक्याचा, पांढऱ्या गालावर दोन काळसर उभ्या रेघा. त्याने एक सागाचं पान चोचीत धरलं, स्वतःहून मोठं, आणि गालिचा उलटावा तसं उलटं केलं. खाली पाहिलं. काही नव्हतं. पुढचं पान धरलं. माझ्यापासून चार पावलांवर त्याने अकरा पानं उलटली.

आता फोनबद्दल. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं 'मर्लिन' हे ॲप २०२१ पासून आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. आवाजाचं चित्र काढतं आणि आधी शिकलेल्या चित्रांच्या आधारे ओळखतं. मी ते वापरतो, इतरांनाही वापरायला सांगतो, पण एक नियम घालून: आधी तुमचा अंदाज सांगा, मग फोन काढा. नाहीतर लुट्झच्या परीक्षेच्या वाटेवर कोणीतरी उत्तरपत्रिकाच टांगून ठेवल्यासारखं होतं. शिवाय कर्नाळ्यात भृंगराज आहे, कोतवालाचाच भाऊबंद. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला फुलं लावल्यासारखी पिसं. हा पट्टीचा नकलाकार. सर्पगरुडाची किंकाळी, बुलबुलाची हाक, सगळं हुबेहूब. माणूसही फसतो, फोनही फसतो. त्याच्या नकला म्हणजे नुसती मौज असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यात इबेन गुडेल आणि सरथ कोटागामा या अभ्यासकांनी तिथल्या कोतवालावर काम करून दाखवलं की या नकलांनी इतर जातींचे पक्षी गोळा होतात. रानात कितीतरी जाती एकत्र मिळून किडे शोधत फिरतात. असा थवा पुढे सरकताना उडणाऱ्या किड्यांवर कोतवालाची चंगळ होते. मोबदल्यात शिकारी पक्षी दिसला की तो आरडाओरडा करतो. म्हणून भृंगराज दिसला की पाय रोवून उभं राहावं. मागोमाग निखार, सुभग, शिलींध्री, सुतार, सगळी वरात येते आणि पाच मिनिटांत निघून जाते. अर्धा दिवस रिकामं वाटलेलं रान त्या पाच मिनिटांत भरून वाहतं.

फोनचा दुसरा उपयोग, आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा, मात्र करू नका. कोकणातल्या एका रानात, फार वर्षांपूर्वी, मी शामा पक्ष्याचं गाणं रेकॉर्डवरून वाजवलं होतं. पिल्लांना भरवायचे दिवस. नर तीरासारखा आला, माझ्या डोक्यावर फांदीवरून फांदीवर उडत राहिला, शेपटी उभारून, गात, घुसखोराला शोधत. मी पुन्हा वाजवलं. तो पाऊण तास तिथून हलला नाही, आणि त्या पाऊण तासात त्याने एकही अळी पिल्लांकडे नेली नाही. मला त्याचा सुंदर फोटो मिळाला. तो मी कधीच कुठे छापला नाही.

याच कारणासाठी जूनमध्ये वाटेचा काही भाग मुका असायला हवा. पहिला पाऊस झाला की रायगडच्या रानांत तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षाही लहान, नारिंगी चोच, पिवळं पोट, पाठीवर निळा-जांभळा झळाळ, आणि पायाला चारऐवजी तीनच बोटं. ओढ्याच्या मातीच्या दरडीत तो बोगदा खणतो आणि तिथे पिल्लं वाढवतो. त्यांना भरवायला सापसुरळ्या, खेकड्याची पोरं, कोळी आणतो. त्याच्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली की तो चोचीत घास धरून समोरच्या फांदीवर ताटकळत बसतो. आत जायचं धाडस होत नाही. अशा बिळाकडे बाण दाखवणारी पाटी नको, खूण नको, इंटरनेटवर जागाही नको.

त्याच्यासाठी दुसरं काही करता येईल. वाटेच्या सुरुवातीला, लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, काळ्या पाषाणात दोन पावलं कोरावीत. एक चार बोटांचं, एक तीन बोटांचं. शब्द एकही नाही. कोकणच्या पावसात फ्लेक्स फाटतं, पत्रा गंजतो, रंगावर शेवाळ चढतं. दगडावर चढलं तर बोट फिरवून पुसता येतं. ज्याला दिसत नाही त्यालाही बोटं मोजता येतील. मूल विचारेल, "याचं एक बोट कुठे गेलं?" मग दादा म्हणतील, "चल, पाऊस येऊ दे, ओढ्याच्या अलीकडे उभं राहून ऐकू. बारीक, उंच शिट्टी येते. पाण्याच्या खळखळाटाच्याही वर."